भय्यासाहेब, लाईन उठवा

ज्याच्यावर ही गोष्ट गुजरली तो माणूस आजही उज्जैनच्या टावर चौकात रोज दिसतो. पराग त्याचं नाव. चांगला धडधाकट, पोह्यांवर जास्तीची शेव मागून घेणारा. हे सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

भुताच्या गोष्टीत रात्र असते.

इथे रात्र नाही.

गेल्या मार्गशीर्षातली लख्ख दुपार होती. फ्रीगंजचा बाजार गजबजलेला. खाली ऑटोवाले भांडत होते, कचोरीच्या कढईचा वास जिन्यातून वर येत होता. अशा वेळी कुणाच्या मनात भूत येईल?

परागचं ऑफिस चौकातल्या एका दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या. तो आणि त्याचा जोडीदार आदित्य. काम कॉम्प्युटरच्या लाईनींचं. कुणाचं नेट चालत नाही, कुणाची मशीन दुसऱ्या मशीनशी बोलत नाही, ते हे दोघे बसल्या जागेवरून ठीक करतात.

त्या दुपारी जुन्या शहरातल्या एका यात्रीनिवासाचं काम होतं. रामघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मराठी ट्रस्टची ती इमारत. खोल्यांचं बुकिंग सांभाळणारी मशीन जिन्याखालच्या खोलीत. मशीनवर लिनक्स. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी पांढरी पट्टी. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचा. मशीन हुकूम मानते. तो शहाणपणाचा आहे की नाही, हे विचारत नाही.

मशीनच्या नेटवर्क कार्डाला नवा पत्ता द्यायचा होता. पत्ता फाईलमध्ये लिहायचा, मग कार्ड एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं. बंद करायचा हुकूम आयएफ डाउन. चालू करायचा आयएफ अप. मशीनसमोर बसलेल्या माणसाला हा पोरखेळ.

पण पराग मशीनसमोर नव्हता. ज्या लाईनीवरून तो तिथवर पोचला होता, तीच लाईन त्याला बंद करायची होती.

म्हणून जाणती माणसं दोन्ही हुकूम एकाच ओळीत लिहितात. झोप, आणि लगेच ऊठ. मग एकदाच एंटर.

परागने पहिला हुकूम लिहिला. तेवढ्यात आईचा फोन आला.

"येतोस का चहाला? आलं किसून ठेवलंय."

"आई, कामात आहे."

"तुझे बाबा पण हेच म्हणायचे. काम काही पळून जात नव्हतं, तेच गेले."

सुमनताईंचं बोलणं असंच. नवरा बँकेत होता. बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच होऊन गेले. तो गेल्यापासून बाई दिवसभर घरात एकट्या. पराग आणि आई, एवढंच घर. म्हणून दुपारचा हा फोन तो कधी टाळत नसे.

"येतो, तू गाळून घे," तो म्हणाला. आणि बोलता बोलता बोटाने सवयीने एंटर दाबला.

दुसरा हुकूम लिहायचा राहिला होता.

पडदा गोठला.

आदित्यने मान वळवून पाहिलं. "बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारलीस भिया. आता जा जुन्या शहरात. यात्रेकरूंची गर्दी बघितलीस का? संध्याकाळपर्यंत पोचशील."

यात्रीनिवासाचे मॅनेजर अरविंदराव. त्यांचा मोबाईल लागेना. परागची नजर भिंतीवर गेली. तिथे यात्रीनिवासाचं एक जुनं कॅलेंडर होतं. साल उलटलं तरी महाकालाच्या फोटोसाठी कुणी काढलं नव्हतं. खाली लँडलाईनचा नंबर छापलेला.

त्याने तो फिरवला.

घंटी वाजली. खूप वेळ वाजली. आणि मग...

"कार्यालय."

म्हातारा आवाज. सावकाश, स्वच्छ मराठी. हिंदीचा वाराही न लागलेली.

"कोण बोलतंय?" परागने विचारलं.

"भय्यासाहेब."

"भय्यासाहेब, मी पराग, टावर चौकातून. तुमच्या जिन्याखाली कॉम्प्युटर आहे ना?"

"समोरच बसलोय."

परागला हायसं वाटलं. "त्याच्या पडद्यावर काय दिसतंय?"



"काळं आहे. त्यात पांढरं काहीतरी लुकलुकतंय. कुणी डोळा मिचकावल्यासारखं."

म्हणजे मागच्या खेपेला तिथे बसून काम केलं तेव्हा लॉगिन उघडंच राहिलं होतं. परागने मनात देवाचे आभार मानले.

"बस, तेच पाहिजे. लाईन झोपलीय, ती उठवायची. मी अक्षरं सांगतो, तुम्ही दाबा. टायपिंग येतं?"

"आयुष्य गेलं त्यात."

"आय."

खट.

"एफ."

खट.

"यू. पी. आता एक जागा सोडा."

"एकच?"

"एकच. मग कार्डाचं नाव. ई. टी. एच. आणि शून्य."

खट, खट, खट... खट. आवाज जड होता. कीबोर्डाचं बटण असं वाजत नाही. पण जुनी टायपिस्ट माणसं बोटं आपटतातच, असं परागने स्वतःला समजावलं.

"आता एंटर. उजवीकडचं मोठं बटण."

खट.

आणि त्यामागून...

टिंग.

लहानशा घंटेचा आवाज. परागला तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण आठवेना. तेवढ्यात लाईन सुरू झाल्याचं दिसलं. नवा पत्ता लागला होता. मशीन जिवंत झाली होती.

"वा, भय्यासाहेब. झालं काम."

"आणखी काही?"

"नाही, बस एवढंच."

पलीकडचा माणूस फोन ठेवीना.

"असेल तर सांगा. मी मोकळाच असतो."

परागला ते जरा लागलं. म्हातारा एकटा असावा. आणि मग तो तेच बोलला, जे आपण सगळेच बोलतो. ज्याला बोलावतो तो येणार नाही हे माहीत असतं, त्यालाही माहीत असतं.

"उपकार झाले तुमचे. या एकदा घरी चहाला."

"कुठे राहता?"

"इथेच, फ्रीगंजात. पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली. निळं फाटक."

"घरी कोण असतं?"

"आई असते."

"बरं."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नुसतं... शांत झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पराग घरी आला. बैठकीत दाराजवळच्या खुर्चीसमोर कपबशी होती. भरलेली.

"कोण आलं होतं?"

"तुझे ते भय्यासाहेब," आई म्हणाली. "किती सभ्य माणूस रे. बसा म्हणेपर्यंत उंबऱ्यावरच उभे होते. मला वहिनी म्हणतात."

परागला हसू आलं. खरंच आला म्हातारा. "चहा नाही घेतला त्यांनी?"

"घेतला की. छान झालाय म्हणाले."

परागने कप उचलला. चहा काठोकाठ होता. वर साय नव्हती. तपकिरी रंग पार उडून गेला होता, धुतलेल्या फडक्याच्या पाण्यासारखा. त्याने वास घेतला. आलं नाही, दूध नाही, साखर नाही...

कशाचाच वास नव्हता.

त्याने तो मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन यात्रीनिवासात गेला. म्हटलं, माणूस घरी येऊन गेला, आपणही भेटावं. आभारही होतील.

अरविंदराव काउंटरवर होते. परागने भय्यासाहेबांना विचारलं.

"कोण भय्यासाहेब?"

"कार्यालयात बसतात ते. टायपिंगवाले."

अरविंदरावांनी हातातला चष्मा खाली ठेवला. "परागजी, तुम्हाला हे नाव कुणी सांगितलं?"

"फोनवर बोललो ना परवा. लँडलाईनवर."

"इथे लँडलाईन नाहीये. ती तर नवीन मजला बांधला तेव्हाच कटवली."

परागने कॅलेंडरवरचा नंबर सांगितला. अरविंदरावांनी मान हलवली. हाच नंबर होता. जिन्याखालच्या खोलीत असायचा तो फोन.

"चला," ते म्हणाले आणि किल्ली घेतली.

खोली उघडली. कोंदट वास आला. भिंतीवर फोनचं खोकं होतं, त्यातून निघालेली तार अर्ध्यावर कापलेली. खाली लाकडी फळीवर मशीन. तिच्या मागे नेटवर्कची एक वायर, विजेची एक वायर.

आणखी काही नाही.

"स्क्रीन कुठाय?" परागने विचारलं. "कीबोर्ड?"

"ते तर दिवाळीच्या आधीच रिसेप्शनला नेलं मी. इथे कोण बसतंय? पडूनच होतं."

दिवाळी होऊन महिना उलटला होता.

परागच्या कानात तो आवाज पुन्हा वाजला. टिंग. आणि आता त्याला आठवलं. लहानपणी बाबांच्या बँकेत ऐकलेला. टाइपरायटरची ओळ संपली की वाजते ती घंटी.

अरविंदराव दारातच उभे होते. आत आले नाहीत.

"भय्यासाहेब आमचे जुने लिपिक," ते म्हणाले. "एकटा जीव. इथेच राहायचे, इथेच जेवायचे. काम संपलं की समोर येऊन उभे. आणखी काही? आम्ही वैतागायचो. काम नसलं तर माणूस करमत नाही म्हणून गावभर फिरायचा. पण कुणी घरी बोलावलं, असं कधी झालं नाही. एका दुपारी याच खोलीत, खुर्चीतच गेले. टाइपरायटरवर कागद चढवलेला होता."

"केव्हा?"

"मी इथे नवा होतो तेव्हा. माझे केस काळे होते, परागजी."

पेढ्यांचा पुडा परागने काउंटरवरच सोडला.

घरी पोचला तेव्हा आई कपबशा विसळत होती. दोन.

"आज पण आले होते?"

"हो. आज बराच वेळ बसले. म्हणाले, वहिनी, आम्ही दोनदा येऊन गेलो, आता तुम्ही यायचं आमच्याकडे. रीतच आहे ना रे ती."



"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? येईन म्हटलं. इतक्या आग्रहाने बोलावतात तर नाही कसं म्हणायचं?"

"आई, तू कुठेही जायचं नाही. दार उघडायचं नाही."

"वेड लागलं का तुला? तूच बोलावलंस ना त्यांना? की ते खोटं बोलतात?"

बोलावलं त्यानेच होतं. पत्ता त्यानेच दिला होता. घरी कोण असतं, तेही त्यानेच सांगितलं होतं.

आणि बोलावलेल्या पाहुण्याला येऊ नका कसं म्हणायचं? कुणाला म्हणायचं?

त्याने आईकडे नीट पाहिलं. दोन दिवसांत तिचा चेहरा उतरला होता. ओठ फिके. ती हसत होती, पण तिचा रंग... त्या कपातल्या चहासारखा.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून तो नंबर फिरवला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं फोनमधली बाई सांगत राहिली. हिंदीत, मग इंग्रजीत. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

चहाची वेळ जवळ येत होती.

मग त्याला वाटलं, त्या दिवशी लाईन बंद होती. यात्रीनिवासाची मशीन मुकी झाली होती. म्हणून तर फोन केला होता, आणि तो लागला होता.

त्याने काळा पडदा उघडला. मशीनवर गेला. आयएफ डाउन लिहिलं. या वेळी मुद्दाम, एकटंच. एंटर दाबला.

लाईन मेली.

त्याने नंबर फिरवला. घंटी वाजू लागली...

"कार्यालय. बोला, मी निघतच होतो."

"भय्यासाहेब, जरा थांबा. लाईन झोपलीय. उठवा."

"सांगा."

परागने सांगितलं. पण सावकाश. एक अक्षर, मग खोकला. एक अक्षर, मग, अं, जरा थांबा हं, बघून सांगतो. मध्येच चुकीचं अक्षर सांगितलं आणि पुसायला लावलं. पलीकडचा माणूस कंटाळला नाही. उलट आवाजात समाधान होतं.

खट. खट. खट.

टिंग.

खिडकीतलं ऊन गेलं तेव्हा कुठे लाईन उठली. परागने लगेच घरी फोन लावला.

"आज नाही आले," आई म्हणाली. "चहा वाया गेला."

त्या दिवसापासून परागची दुपार ठरून गेली. चहाच्या वेळेला लाईन झोपवायची. भय्यासाहेबांकडून उठवून घ्यायची. उन्हं उतरेपर्यंत त्यांना खुर्चीतून हलू द्यायचं नाही. आईच्या गालांवर पुन्हा रंग येऊ लागला. ती फोनवर पूर्वीसारखी टोमणे मारू लागली. अरविंदराव मात्र वैतागले. रोज त्याच वेळेला तुमची मशीन मरते परागजी, रिसेप्शनवर रांग लागते, बदलून द्या ती. पराग बघतो, बघतो म्हणे.

आणि मग एकदा त्याला इंदूरला जावं लागलं. टाळण्यासारखं काम नव्हतं.

जाताना त्याने आदित्यला बजावलं. "चहाच्या वेळेला यात्रीनिवासाची लाईन बंद कर. मग कॅलेंडरवरच्या नंबरावर फोन लाव. जो उचलेल त्याला आयएफ अप टाइप करायला सांग. हळूहळू. एकेक अक्षर."

"का पण?"

"मी सांगतो म्हणून. हात जोडतो तुला."

"ठीक आहे भिया, टेन्शन नको घेऊ."

परतताना बस उज्जैनच्या देवास गेटजवळ आली तेव्हा परागने त्याला फोन लावला. "केलंस?"

"कधीच. आणि तुझ्यासारखं नाही केलं. दोन्ही हुकूम एका ओळीत टाकले. लाईन झोपली आणि स्वतःच उठली. फोनबिन करायची गरजच नाही पडली. शिक काहीतरी."

परागला पुढचं ऐकू आलं नाही.

आदित्यने काम अगदी रीतसर केलं होतं. जाणती माणसं करतात तसं. आणि म्हणून जिन्याखालच्या त्या खोलीत आज कुणाला काहीच काम नव्हतं.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी आली. पराग उतरून पळाला. निळं फाटक उघडं होतं.

आई दारात उभी होती. अंगावर लग्नकार्याला नेसायची जांभळी साडी. केसांत कंगवा फिरवलेला. पायात चपला. हातात नारळ आणि साखरेची पुडी. पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं.

"आलास? बरं झालं, किल्ली तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "भय्यासाहेब ऑटो आणायला गेलेत."

तेवढ्यात मागे फाटकाशी एक ऑटो येऊन थांबली. रिकामी.

"माताजी को ले जाना है ना?" चालक म्हणाला.

"किसने कहा?" परागने विचारलं.

"बाऊजी ने। अभी तो साथ में बैठे थे..." त्याने मागे वळून सीटकडे पाहिलं. मग गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. "उतर गए क्या?"

सीटवर कुणी नव्हतं. पण आई त्या सीटकडे पाहून ओळखीचं हसली. आणि ती एक पायरी उतरली.

परागने एका हाताने तिचा दंड धरला. दुसऱ्या हाताने मोबाईल काढला. मोबाईलमधूनही त्याला मशीनवर जाता येत असे. आयएफ डाउन. दोनदा अक्षरं चुकली. तिसऱ्यांदा बरोबर बसली.

आई आणखी एक पायरी उतरली. एवढीशी बाई. पण तिला धरून ठेवणं त्याला जड जात होतं. जणू दुसऱ्या बाजूनेही कुणी हात धरला होता.

त्याने नंबर फिरवला.

घंटी वाजली. वाजत राहिली. कुणी उचलेना.

आणि परागला जाणवलं... घंटी त्याच्या कानात वाजत होती, तशीच कुठेतरी जवळ वाजत होती. ऑटोच्या मागच्या सीटवरून. चालकालाही ती ऐकू आली असावी. तो खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला.

मग ती जवळची घंटी लांब गेली. गल्लीच्या पार. त्याच्याही पार.

"कार्यालय." आवाजाला धाप लागली होती. "लवकर सांगा. माझ्याकडे पाहुणे यायचेत."

"भय्यासाहेब," पराग म्हणाला, "लाईन उठवा."

"उद्या नाही का चालणार?"

"नाही. आत्ताच. तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही ते."

पराग दंड घट्ट धरून उभा होता.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सांगा."

"आय," पराग म्हणाला.

खट.

आईचा दंड एकदम हलका झाला. ती पायरीवर मटकन बसली. नारळ गडगडत फाटकापर्यंत गेला. तिने आपल्या साडीकडे पाहिलं, पायातल्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण कुठे निघालो होतो रे?"

हे झालं गेल्या हिवाळ्यात.

त्यानंतर परागने एकही दुपार चुकवलेली नाही. तो गावाबाहेर जात नाही. एका मुलीचं स्थळ आलं होतं, पुण्याचं. त्याने कारण न सांगता नाही म्हणून कळवलं. ती मशीन काढून नवीन बसवा, असं आदित्य अजून म्हणतो. पराग विषय बदलतो. मशीन काढली आणि भय्यासाहेब काम मागायला थेट घरीच आले तर?

पण आता एक वेगळीच पंचाईत झाली आहे.

भय्यासाहेब शिकले.

परागने आय म्हणायच्या आत पलीकडून सगळी अक्षरं भराभर वाजतात. खटखटखटखट, टिंग. लाईन उठते. "हे येतं मला आता," ते म्हणतात. "दुसरं काही?"

मग पराग दुसरं सांगतो. कार्डाचा पत्ता बदलायला लावतो. दुसऱ्या दिवशी तोच परत करायला लावतो. कार्डाला पत्त्यांवर पत्ते जोडतो, मग एकेक काढायला सांगतो. लांबलचक फाईली अक्षर अक्षर वाचून दाखवतो. ज्यांचा कुणाला काही उपयोग नाही अशा. घरी बसूनच हे करतो हल्ली, आई नजरेसमोर राहावी म्हणून. बोलून बोलून त्याचा आवाज बसतो. आणि दर वेळी ते काम आदल्या दिवसापेक्षा लवकर संपतं.

परवा असाच तो फोन कानाला लावून खिडकीपाशी बसला होता. पलीकडे खटखट चालली होती. आई चहा घेऊन आली. एक कप त्याच्यासमोर ठेवला, एक स्वतः घेतला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली.

"भय्यासाहेब येईनात हल्ली," ती म्हणाली. "रागावले की काय?"

"कामात असतात," पराग म्हणाला.

"ते आपल्याकडे येऊन गेले. मी येईन म्हणून शब्द दिला आणि गेलेच नाही. बरं दिसतं का ते?" तिने चहाचा घोट घेतला. "त्यांना वेळ नाही तर आपणच जाऊन येऊ. तूही चल."

पराग काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं...

फोनमधली खटखट थांबली होती.

सांगितलेलं अजून अर्धंही झालं नव्हतं. टिंग वाजलं नव्हतं. पलीकडे कुणी फोन ठेवलाही नव्हता. नुसतं शांत होतं. कुणी हातातलं काम बाजूला ठेवून कान देऊन ऐकावं, तसं.